विमानाची खरी ओळख शेपटीवर नसते

२०२५च्या नोव्हेंबरात एक बातमी आली. एअर इंडियाला कोलकाता विमानतळावर एक विमान सापडलं, आणि ते त्यांचं स्वतःचंच निघालं. बोइंग ७३७-२००, नोंदणी व्हीटी-ईएचएच. १९८२ साली इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आलेलं, मधे अलायन्स एअरकडे राहिलेलं, नंतर मालवाहू म्हणून टपाल खात्याची पोती वाहिलेलं आणि २०१२ मध्ये कायमचं उभं राहिलेलं. तेरा वर्षं ते तिथेच होतं. ‘तुमचं विमान इथून हलवा’ असं विमानतळाने कळवलं तेव्हा कंपनीने जुने कागद उपसले आणि मान्य केलं की हो, आमचंच. तोवर पार्किंगचं भाडं एक कोटी रुपयांच्या घरात गेलं होतं. शेवटी ट्रेलरवर चढवून ते बंगळुरूला नेलं. तिथे विमान दुरुस्तीचं शिक्षण घेणारी मुलं त्यावर सराव करतील.

लोकांनी यावर भरपूर विनोद केले, आणि करणं साहजिकच होतं. पण तीस मीटर लांबीची वस्तू हरवते कशी, हा प्रश्न गंभीरपणे घेतला तर उत्तर सरळ आहे. ते विमान रोज शेकडो प्रवाशांना खिडकीतून दिसत असणार. गळालं होतं ते मालमत्तेच्या यादीतून. कंपन्यांची विलीनीकरणं झाली, मग खासगीकरण झालं, दरवेळी याद्या नव्याने बनल्या आणि एका यादीतून दुसरीत जाताना एक ओळ राहून गेली.

सेवेतून निघालेली आणि जतन केलेली विमानं आज कुठे आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे लिहून ठेवणं हा जगभर चालणारा उद्योग आहे. तो करणारे बहुतेक लोक हौशी आणि बिनपगारी. ब्रिटनमध्ये न उडणाऱ्या विमानांची गावोगावची यादी १९६१ पासून पुस्तकरूपात निघते आहे. कोणाच्या परसात कुठलं धड पडलंय, इथपर्यंत. वरवर पाहिलं तर हा स्टेशनावर बसून इंजिनांचे नंबर टिपण्यासारखा छंद वाटेल. पण एखाद्या संग्रहालयाला जुनं विमान उभं करायचं असतं, एखाद्या कंपनीला उडत्या जुन्या विमानासाठी सुटा भाग हवा असतो किंवा विमान खरंच तेच आहे का असा वाद उभा राहतो, तेव्हा सगळे या याद्यांकडेच येतात.

निवृत्तीची एक तारीख नसते

आधी एक गैरसमज बाजूला करू. विमान निवृत्त होतं म्हणजे एका दिवशी समारंभ होऊन दुसऱ्या दिवशी ते भंगारात जातं, असं नाही. बहुतेक विमानं आधी फक्त ‘उभी’ राहतात. कोणी भाड्याने घेईल, कोणी विकत घेईल, या आशेवर महिनोन् महिने. मग त्यांची इंजिनं निघतात, कारण जुन्या प्रवासी विमानात सगळ्यात जास्त पैसा इंजिनात असतो. त्यानंतर चाकांचे पाय, इलेक्ट्रॉनिक पेट्या, पंखांवरचे हलते भाग. उरलेलं धड शेवटी कापलं जातं, किंवा अग्निशमन दलाच्या सरावाला जातं, किंवा एखाद्या हॉटेलवाल्याच्या हाती लागतं.

हा सगळा प्रवास किती वेगात होईल याचा वयाशी फारसा संबंध नाही. सिंगापूर एअरलाइन्सने २००७ साली जगात पहिल्यांदा प्रवासी सेवेत आणलेलं एअरबस ए-३८० जेमतेम दहा वर्षं उडलं आणि फ्रान्समधल्या तार्ब इथे सुटं करण्यात आलं. त्याला काही झालं नव्हतं. एवढं मोठं विमान दुसरं कोणी घेईना, आणि अख्ख्या विमानापेक्षा त्याच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक जास्त होतं. उलट एअर इंडियाच्या शेवटच्या ७४७ पैकी एक, व्हीटी-ईव्हीए, तीन वर्षं मुंबईत उभं राहून मग २२ एप्रिल २०२४ ला अमेरिकेकडे उडालं. तेही सुटे भाग काढण्यासाठीच. उड्डाणानंतर वैमानिकांनी पंख हलवून निरोप दिला, त्याचे व्हिडिओ खूप फिरले. विमानाचा माग ठेवणाऱ्याच्या वहीत मात्र त्या दिवशी ‘संपलं’ असं लिहायचं नसतं. ‘मुंबई सोडली’ एवढंच लिहायचं. पुढचं पाऊल कळेपर्यंत ओळ उघडी ठेवायची.

नंबर बरेच, विमान एक

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला विमान दिसतं, त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, आणि आपण धरून चालतो की हेच त्याचं नाव. ते नाव बदलणारं असतं. नागरी विमानाला देशाची नोंदणी असते. भारताची ‘व्हीटी’ने सुरू होते. विमान दुसऱ्या देशात विकलं की ती जाते आणि नवी येते. लष्करी विमानाला हवाई दल किंवा नौदल आपला सिरीयल नंबर देतं, आणि तो कधीकधी सेवेत असतानाच बदलतो. आपल्या मिग-२१ चे नंबर ‘सी’ने सुरू व्हायचे; त्यातल्या ज्यांचं ‘बायसन’मध्ये नूतनीकरण झालं त्यांच्या नंबरापुढे ‘सीयू’ आलं.

न बदलणारा नंबर कारखान्यात मिळतो. तो धातूच्या छोट्या पट्टीवर कोरलेला असतो आणि पट्टी सहसा कॉकपिटमध्ये, दाराच्या चौकटीत किंवा चाकाच्या खोबणीत रिव्हेटने ठोकलेली असते. गाडीची नंबरप्लेट आणि चासी नंबर यांत जो फरक, तोच इथे. माग काढणारे लोक त्यामुळे शेपटीचा फोटो काढून थांबत नाहीत; परवानगी मिळाली तर ते विमानाखाली घुसून बॅटरीच्या उजेडात ती पट्टी शोधतात.

पट्टीही दरवेळी भेटतेच असं नाही. आठवण म्हणून ती उचकटून नेणारे महाभाग सगळ्या देशांत आहेत. मग इतर भागांवर कोरलेल्या नंबरांकडे वळावं लागतं, आणि इथे नवखा माणूस हमखास फसतो. लढाऊ विमानांच्या शेपट्या, पंखांची टोकं, कॉकपिटवरचं काचेचं आवरण हे सगळं दुरुस्तीत अदलाबदल होत असतं. पंखावर एक नंबर, दारावर दुसरा आणि शेपटीवर तिसरा, असं विमान म्हणजे बनावट प्रकार नव्हे. ते फक्त बराच काळ सेवेत राहिलेलं विमान आहे. अशा वेळी धडाच्या मधल्या मुख्य भागावरचा नंबर ग्राह्य धरायची रीत आहे.

रंगावर किती विसंबायचं, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे ‘परशुराम’ हे डकोटा, म्हणजे दोन इंजिनांचं जुनं वाहतूक विमान. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले, त्या मोहिमेतल्या व्हीपी ९०५ या डकोटाचा नंबर आज एका उडत्या विमानावर आहे. उद्योजक आणि राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. ब्रिटनहून उडत निघून ते एप्रिल २०१८ मध्ये जामनगरला उतरलं आणि मे महिन्यात हिंडन तळावर दलात सामील झालं. पण हे विमान १९४७ चं व्हीपी ९०५ नाही. ते दुसरंच डकोटा आहे, ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नागरी नोंदणीवर अनेक वर्षं उडालेलं. त्याला तो नंबर स्मरण म्हणून दिला आहे. यात लपवाछपवी कुठेच नाही, हवाई दलाने ते कधी झाकलेलं नाही. तरी ‘श्रीनगरला उतरलेलं हेच ते विमान’ असं लिहिलेल्या पोस्ट तुम्हीही पाहिल्या असतील. वहीत अशा विमानासाठी दोन रकाने लागतात. एक ‘रंगवलंय काय म्हणून’ आणि दुसरा ‘आहे कोण’.

याहून गुंतागुंतीचा प्रकार दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या स्पिटफायर लढाऊ विमानांचा. पी ९३७४ हे स्पिटफायर मे १९४० मध्ये फ्रान्सच्या कॅले किनाऱ्यावर उतरलं आणि वाळूत गडप झालं. १९८० साली वाळू सरकली आणि सांगाडा वर आला. ते बाहेर काढून इंग्लंडमध्ये डक्सफर्ड इथे उभारलं गेलं, २०११ मध्ये पुन्हा उडालं आणि २०१५ च्या लिलावात ३१ लाख पौंडांना गेलं. चाळीस वर्षं खाऱ्या वाळूत राहिलेल्या विमानातला किती पत्रा पुन्हा आकाशात नेण्यालायक असेल, याचा अंदाज कोणीही बांधू शकतो. उडणाऱ्या यंत्रात बहुतांश धातू नवा, पण ओळख जुनी. बाजार त्याला जुनंच मानतो आणि त्याची किंमतही त्या ओळखीचीच असते. माझ्या मते यात गैर काही नाही, फक्त कोणता भाग कधीचा हे उघड लिहिलेलं असावं. अडचण होते ती एकाच सांगाड्याच्या तुकड्यांवरून दोन जण दोन विमानं उभी करतात आणि दोघेही तीच ओळख सांगतात तेव्हा. मग निकाल लावायला जुन्या फोटोंवर तारीख घालून ठेवणारा कोणीतरी हौशीच उपयोगी पडतो.

कानपूरला सोडलेली लिबरेटर

नंबरांचा धागा हाती असला की काय सापडतं, हे बी-२४ लिबरेटरच्या कथेत दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं १८ हजारांहून जास्त बनवली. युद्ध संपलं आणि ती कोणालाच नको झाली. जगभर ती वितळवली गेली. भारतात ब्रिटिश हवाई दलाकडे असलेली लिबरेटर ‘लेंड-लीज’ करारावरची, म्हणजे अमेरिकेकडून उसनी घेतलेली होती. परत द्या किंवा निकामी करा, अशी अट. त्यामुळे कानपूरच्या चकेरी तळावर त्यांचा ढीगच्या ढीग मोडतोड करून टाकून दिला.

स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाला जड बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि पैसे नव्हते. तेव्हा बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची (आजची एचएएल) माणसं कानपूरला गेली. एका विमानाचं इंजिन, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याची काच असं करत एकेक लिबरेटर जेमतेम उडण्याजोगं केलं, आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळुरूला उडवत नेली. ज्यांना मुद्दाम मोडलं होतं, अशी विमानं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तिथे नीट डागडुजी होऊन चाळीसच्या आसपास लिबरेटर सेवेत आली. पुण्यात ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती समुद्रावरच्या टेहळणीसाठी वापरली आणि १९६८ पर्यंत भारताने ती उडवली.

तोवर बाकी जगात लिबरेटर जवळपास नामशेष झालं होतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा सगळ्यांना अचानक आठवलं की संग्रहालयात ठेवायला धड लिबरेटर फारशी उरलेलीच नाहीत, आणि भारतात आहेत. मग ती एकेक करून गेली. कॅनडाच्या हवाई संग्रहालयातलं, अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं, ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं. ही सगळी भारतातून गेलेली विमानं. अमेरिकेत पुढे बरीच वर्षं हवाई मेळ्यांत उडालेलं ‘विचक्राफ्ट’ही मूळचं आपल्याच हवाई दलाचं. एक दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

ब्रिटनमधल्या विमानाचं घ्या. त्याचा ब्रिटिश नंबर केएन ७५१, भारतीय नंबर एचई ८०७, आणि त्याआधीचा अमेरिकेचा आणखी वेगळा. भारताने ते १९७४ मध्ये ब्रिटनला दिलं. ब्रिटिश वही एकटी वाचली तर हे विमान युद्धानंतर संपलेलं. भारतीय वही एकटी वाचली तर ते स्वातंत्र्यानंतर कुठूनसं अवतरलेलं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून, विमानावरची पट्टी वाचून कोणीतरी जुळवलं म्हणून आज आपल्याला कळतं की हे एकच यंत्र आहे. त्या कानपूरच्या ढिगातल्या ज्या विमानांचे नंबर कोणी उतरवून घेतले नाहीत, त्यांचे सुटे भाग कोणत्या लिबरेटरमध्ये गेले हे आता कोण सांगणार?

‘आहे’ म्हणजे कसं आहे?

विमान कुठे आहे हा अर्धाच प्रश्न. दुसरा अर्धा जास्त अवघड, कारण विमान दुरून नेहमी छान दिसतं.

गोव्यात दाबोळीजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे मोकळ्या आवारात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, आयएन ३१५. लांब, किंचित बाक असलेलं धड आणि तीन शेपट्या. इतकं देखणं प्रवासी विमान नंतर कोणी बनवलं असं मला वाटत नाही. हे मूळचं एअर इंडियाचं. ‘रानी ऑफ...’ने सुरू होणारी नावं असलेल्या ताफ्यातलं. पुढे ते हवाई दलाकडे गेलं, आणि १९७६ मध्ये समुद्री टेहळणीचं काम नौदलाकडे आलं तेव्हा नौदलाकडे. हवाई दलात ही विमानंही पुण्याच्या त्याच ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे होती. शेजारीच शॉर्ट सीलँड आहे, पाण्यावर उतरणारं छोटं विमान. ही एकूण २५च बनली, त्यातली १० भारताने घेतली, आणि १९५३ मध्ये आपल्या नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात त्यांच्यावर झाली. आज जगात मोजकी उरली आहेत.

आणि ही दुर्मीळ विमानं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, कोकणपट्टीच्या पावसात उघड्यावर आहेत. विमानाला याहून वाईट जागा शोधून काढावी लागेल. विमानाचा पत्रा ॲल्युमिनियमचा असला तरी निव्वळ ॲल्युमिनियम नसतो. ताकदीसाठी त्यात तांबं किंवा जस्त मिसळलेलं असतं, आणि हीच मिश्रणं खाऱ्या ओलाव्यात आतून पोखरली जातात. त्यात हा पत्रा जागोजागी पोलादी बोल्टांनी जोडलेला. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे बारीकशी बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम.

म्हणून अवस्था पाहायची तर हातभर अंतरावर जावं लागतं. बोल्टाच्या डोक्याभोवती रंग फुगलेला दिसला आणि त्याच्या कडेने पांढरी भुकटी निघत असेल तर खाली गंज चालू आहे. पत्र्याची कड पापुद्र्यांसारखी उलली असेल तर तो भाग हातचा गेला. रंगाने तो वाचत नाही, फक्त झाकला जातो. धडाच्या पोटाशी पाणी निथळायला बारीक भोकं असतात. दरवर्षी रंगकाम होताना ती भोकं रंगाने किंवा पुट्टीने बुजतात, मग पावसाचं पाणी आत साचतं आणि विमान आतून कुजतं. भोकं उघडी आहेत का, एवढं एक पाहिलं तरी ते विमान कोणी मनापासून सांभाळतं की नाही ते कळतं. कॉकपिटची काच पिवळी पडून तिच्यात जाळं पडलंय का, इंजिनाच्या तोंडावर झाकण किंवा जाळी आहे का, की आत कबुतरांनी संसार थाटलाय? कबुतरांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि बंद जागेत ती पत्रा खाते. टायर बसलेत का, की विमानाचा भार टेकूंवर घेतलाय? खांबावर तिरकं चढवलेलं लढाऊ विमान दिसायला झोकदार असतं, पण वाऱ्याने ते सतत हलतं, सांध्यांवर ताण येतो, आणि वर जाऊन पाहतं कोण?

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर नौदलाचं टीयू-१४२ हे अजस्र विमान संग्रहालय म्हणून ठेवलं आहे. मार्च २०१७ मध्ये ही विमानं अरक्कोणमच्या तळावर निवृत्त झाली, आणि डिसेंबरात राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत शिरून पाहता येतं, लोकांची रीघ लागते, तिकिटाचे पैसे येतात. रस्त्यापलीकडे बंगालचा उपसागर. जागा गर्दीसाठी उत्तम, पत्र्यासाठी वैरी. असं ठेवू नये असं मी म्हणणार नाही. हँगरमध्ये बंद असतं तर इतक्या मुलांनी ते पाहिलंच नसतं. पण मग देखभालीचा खर्च पहिल्या वर्षापासून धरायला हवा.

छताखाली नेलं की किती फरक पडतो? हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं ‘एनोला गे’ हे बी-२९ अमेरिकेसारख्या देशातही १९५० च्या दशकात वर्षानुवर्षं उघड्यावर होतं. पक्ष्यांनी घरटी केली, लोकांनी भाग काढून नेले. १९६० च्या सुमारास ते सुटं करून आत नेलं, दुरुस्ती सुरू व्हायला १९८४ उजाडलं आणि पूर्ण जोडलेलं विमान लोकांना दिसलं ते २००३ मध्ये. उघड्यावरच्या काही वर्षांची फेड दोन दशकं.

विकायचं आहे, ९ कोटी ९९ लाख

चौकातलं, कॉलेजच्या दारातलं विमान कोणाचं, हेही वहीत असावं लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये ओएलएक्सवर एक मिग-२३ विकायला निघालं, किंमत ९ कोटी ९९ लाख रुपये. फोटो अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आवारात ठेवलेल्या विमानाचा, जे हवाई दलाने २००९ मध्ये भेट दिलं होतं. विद्यापीठाने लगेच सांगितलं की हा कोणाचा तरी खोडसाळपणा आहे. जाहिरात गेली. पण भेट मिळालेलं विमान पुढे कोणाचं, संस्थेला नको झालं तर ते कोणाकडे परत जातं, हे किती ठिकाणी लिहून ठेवलेलं असेल?

वाळवंटातली शिस्त

या सगळ्याची उलट बाजू पाहायची तर ॲरिझोनातला डेव्हिस-मॉन्थन तळ. अमेरिकी लष्कराची हजारो निवृत्त विमानं इथे वाळवंटात रांगेने उभी आहेत. पाऊस नगण्य, हवा कोरडी, जमीन इतकी टणक की फरसबंदी न करता विमान उभं करता येतं. आलेलं विमान आधी धुतात, कारण त्यावर मीठ असू शकतं. इंधन काढून आत पातळ तेल फिरवतात, त्याचा थर नळ्यांमध्ये राहतो. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातली स्फोटकं काढतात. फटी टेपने बंद करतात आणि वरच्या भागावर पांढरा लेप फवारतात, म्हणजे ऊन परतून आतलं तापमान आटोक्यात राहतं.

मग प्रत्येकाला वर्ग मिळतो. १००० म्हणजे पुन्हा उडेल असं जपा, एक स्क्रूही काढू नका. २००० म्हणजे सुटे भाग काढायला मोकळं. ३००० म्हणजे थोड्या दिवसांसाठी, जवळपास तयार अवस्थेत. ४००० म्हणजे भंगार. वर्ग बदलला की नोंद बदलते. ही शिस्त फळते कशी, तर ‘घोस्ट रायडर’ नावाचं बी-५२ हे बॉम्बफेकी विमान इथे २००८ पासून उभं होतं, ते २०१५ मध्ये उडवून बाहेर काढलं आणि पुन्हा सेवेत घेतलं.

आणि याच वाळवंटात विमानाचं मरण सिद्ध करण्याचीही सोय झाली. सोव्हिएत संघाबरोबरच्या १९९१ च्या अण्वस्त्रकपात करारानुसार अमेरिकेने ३६५ बी-५२ नष्ट करायची होती. भलंमोठं पातं क्रेनने उचलून वरून सोडायचं आणि विमानाचे पाच तुकडे करायचे. तुकडे लगेच उचलायचे नाहीत. रशियाच्या उपग्रहांना दिसावेत म्हणून काही महिने जागेवर तसेच पडू द्यायचे. निवृत्त विमानांचा माग काढणारे सगळ्यात चोख लोक त्या काळात मॉस्कोत बसले होते, म्हणायला हरकत नाही.

तुम्हाला माग काढायचा असेल तर

आज घरबसल्या बरंच होतं. प्रवासी विमान उडताना आपल्या नोंदणीशी जोडलेला एक कोड प्रसारित करत असतं आणि हौशी लोकांचे रिसिव्हर तो पकडतात. त्यामुळे शेवटचं उड्डाण कुठे संपलं ते संकेतस्थळांवर सापडतं. देशोदेशीच्या नोंदवह्या ऑनलाइन आहेत आणि नोंदणी रद्द झाली तर कारणही दिसतं, परदेशी विकलं की नष्ट झालं. उपग्रह नकाशांवर जुनी चित्रं वर्षवार पाहता येतात. धावपट्टीच्या कडेचं विमान कोणत्या वर्षी दिसेनासं झालं ते त्यावरून ठरवतात. लष्करी विमानांना यातलं फारसं लागू पडत नाही. तिथे पायपीटच. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो: लष्करी हद्दीत आणि विमानतळाच्या बंद भागात फोटो काढायला जाऊ नका. चौकातली, बागेतली, संग्रहालयातली विमानं आहेत की भरपूर. मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये एचएफ-२४ मरुत आहे, भारताने स्वतः विकसित केलेलं पहिलं लढाऊ जेट. तिथून सुरुवात करा.

वेळही योग्य आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. ही विमानं आपल्याकडे १९६३ पासून होती, आणि एचएएलने नाशिकजवळ ओझरला ती शेकड्यांनी बनवली. त्यातली कितीतरी आधीच गावोगावी चबुतऱ्यांवर आहेत, आता आणखी जातील. चबुतऱ्यावरच्या पाटीवर बहुधा वेग, वजन, लांबी आणि उद्घाटकाचं नाव असतं. विमानाचा स्वतःचा इतिहास, कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कधी बनलं, हे नसतं. आणि ठेकेदाराने पुढच्या स्वातंत्र्यदिनाआधी एक हात मारला की शेपटीवरचा नंबरही जातो, किंवा रंगाऱ्याला जमेल तसा नवा येतो.

तेव्हा पाहाल ते टिपताना ‘मिग-२१, बसस्टँडसमोर’ एवढ्यावर थांबू नका. कोणता प्रकार, शेपटीवर आणि नाकावर कोणता नंबर आणि दोन्ही जुळतात का, चाकाच्या खोबणीतली पट्टी जागेवर आहे का, कोणतं टायर बसलंय, काच शाबूत आहे का, पोटाखालची भोकं उघडी आहेत का, आणि हे सगळं कोणत्या तारखेला पाहिलं. फोटो डावीकडून एक, उजवीकडून एक, नंबराचा जवळून एक, आणि मागची इमारत दिसेल असा एक. विमान हलवलं गेलं तर आधी ते नेमकं कुठे होतं, हे त्या इमारतीवरून ओळखता येतं.